यामचें बेणें

धान्याचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला. कंदाच्या वाट्यास तो मान क्वचितच आला. त्यामुळें पश्चिम आफ्रिकेंत ज्या पिकावर गांवेंच्या गांवें पोसलीं गेलीं, त्या यामविषयीं आमच्या वाचकांस फारशी माहिती असण्याचा संभव नाहीं. कोंकणांतलें कोनफळ याच कुळांतील. (सुरणालाहि इंग्रजींत याम म्हणण्याची चाल आहे, परंतु त्याचें कूळ अगदीं निराळें.) नायजेरियांतील इग्बो लोकांत यामच्या कोठारावरून माणसाची प्रतिष्ठा ठरे. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ सालच्या कादंबरीचा नायक बापाकडून कांहींच न मिळाल्यामुळें एका धनिकाकडून वाट्यानें बेणें आणतो, आणि नेमका त्याच वर्षीं पाऊस दगा देतो.

बेण्यासाठीं असें दुसऱ्याच्या दारीं कां जावें लागे? याममध्यें जें लावावयाचें तेंच खावयाचें असतें. पिकाचा चौथा, प्रसंगीं तिसरा हिस्सा पुन्हां मातींत घालावा लागतो. शिवाय कंदांतून जसा वंश चालतो तसा रोगहि चालतो. मोझेइक रोगाचे विषाणु आणि सूत्रकृमि बेण्याबरोबरच बापाकडून लेकाकडे येतात.

यावरील उपायाचें मूळ फार दूर सांपडतें. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हॅबरलान्ट यांनीं १९०२ सालीं झाडाच्या सुट्या पेशी पोषक द्रवांत वाढविण्याचा यत्न केला. त्या जगल्या, फुगल्या. पण एकहि दुभंगली नाहीं. पुढें १९५२ सालीं फ्रान्समध्यें मोरेल व मार्तँ यांनीं रोगट डेलियाच्या शेंड्याचें सूक्ष्म टोंक कांचेच्या नळींत वाढवून निरोगी झाड मिळविलें. कारण त्या टोंकापर्यंत विषाणु बहुधा पोंचत नाहींत. मुराशिगे व स्कूग यांनीं १९६२ सालीं तंबाखूकरितां ठरविलेलें क्षारांचें मिश्रण आजहि प्रयोगशाळांतून चालतें. १९६७ सालीं इबादान येथें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कृषिसंस्थेनें हीच विद्या यामला लावली. आतां तेथें रोपें कांहीं मिनिटेंच द्रवांत बुडवून पुन्हां निथळत ठेवणारीं पात्रेंहि वापरांत आलीं आहेत.

तथापि आम्हांस स्वतःला नायजेरियांतीलच उमुडिके येथील संशोधनाचें कौतुक अधिक वाटतें. तेथें कंदाचे सालीसकट सुमारें २५ ग्रॅमचे तुकडे करून ते रुजविण्याची रीत बसविण्यांत आली. त्याला ना कांच लागते, ना वीज. उणीव एवढीच कीं, सुरीनें रोग कापला जात नाहीं. रोगट कंदाचे शंभर तुकडे म्हणजे शंभर रोगट वेली. तेव्हां पहिलें शुद्ध रोप नळींतून यावें व पुढील वाढ सुरीनें व्हावी, हीच वाट आम्हांस व्यवहार्य दिसते.

परंतु नळींतलें रोप शेतांत गेलें कीं मावा त्यावर तोच विषाणु पुन्हां आणून सोडतो. म्हणजे आजवर घरचें बेणें राखणाऱ्या कुणब्यास दर कांहीं वर्षांनीं तें विकत घ्यावें लागणार. दुसरें असें कीं, तिकडे पांढरा याम उकडून उखळांत कुटून खातात, आणि कोनफळाच्या जातीचा कंद त्या कामीं तितकासा उतरत नाहीं. नळींत कोणती जात घालावयाची, हें ठरवितांना विषाणूंची परीक्षा होते. उखळाचीहि व्हावयास हवी. पैसे मोजून आणलेलें बेणें कुटण्यास उतरलें नाहीं, तर तो कुणबी पुढल्या सालीं आपल्या जुन्या, रोगट कंदाकडेच वळेल, आणि त्याला दोष देणें आम्हांस तरी जमणार नाहीं.