लग्न केलं म्हणून कामावरून काढलं

सकाळच्या पाळीला बोईसर स्टेशनबाहेरून तारापूर एमआयडीसीकडे रिक्षा भरभरून निघतात, त्यांत आपल्या बाया किती असतात ते सांगायला नको. मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एकीनं हप्ता भरला नाही. विचारलं तर म्हणाली, "लग्न झाल्याचं कळलं, तसं मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नको." कागद नाही, पगाराचा हिशेब नाही.

तिला आम्ही जी जुनी हकिगत सांगितली, तीच आज सांगतो. मुंबईत इंटरनॅशनल फ्रँचायझीज नावाची औषधांची कंपनी होती. तिच्या एका खात्यात नियमच होता, मुलीनं लग्न केलं की नोकरी संपली. कंपनी म्हणे, इथं मिळून काम चालतं, एक नसली तर अडतं, आणि लग्न झालेल्या बाया खाडे फार करतात. बॉम्बे लेबर युनियननं हे भांडण लावून धरलं. औद्योगिक न्यायाधिकरणात युनियन हरली, पण नोव्हेंबर 1965 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो नियम रद्द केला. मुलांमुळे खाडे होतात म्हणाल, तर मुलं असलेल्या विधवेचेही होतीलच की, असं कोर्टानं म्हटलं. राहिली बाळंतपणाची रजा, तर तेवढ्यासाठी काही बाया जास्तीच्या ठेवता येतात. आपल्या घरातली कोणतीही सासू हेच बोलली असती!

पण ते भांडण युनियनचं होतं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात एकटीदुकटीची दाद लागणं कठीण. कोर्टाच्या त्या निकालानंतर महिन्याभरातच, 1 डिसेंबर 1965 ला, कायद्यात 2-अ कलम आलं. कामावरून काढलेल्या एकट्या कामगाराचं भांडणही तेव्हापासून औद्योगिक विवाद ठरलं, मागे युनियन असो वा नसो. 1971 च्या 11-अ कलमानं, काढणं अन्यायाचं वाटलं तर परत कामावर घ्यायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. 2010 पासून तडजोड 45 दिवसांत झाली नाही तर थेट कामगार न्यायालयात जाता येऊ लागलं, काढल्यापासून तीन वर्षांच्या आत. नोव्हेंबर 2025 पासून नवी संहिता लागू झाली आणि तीनाची दोन वर्षं झाली. हे आम्हाला पटत नाही. ठेकेदाराकडच्या बाईचा अर्धा वेळ आपला मालक कोण, हे शोधण्यातच जातो.

आमच्या मैत्रिणीकडे नेमणुकीचं पत्र नव्हतं. ईएसआयचं कार्ड मात्र निघालं, आणि मोबाइलमध्ये पीएफचे मेसेज. "उद्यापासून येऊ नको" म्हटल्याची तारीख तिनं गटाच्या वहीत लिहिली, खाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. सोमवारी कामगार कार्यालयात अर्ज द्यायला तिच्यासोबत आम्ही दोघी जाणार आहोत.