शिशाची गोळी

शिशाची गोळी म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा बंदूक यांच्या नळीतून दारूच्या ज्वलनाने निर्माण झालेल्या वायूंच्या दाबाने फेकला जाणारा शिशाचा अथवा शिसेप्रधान मिश्रधातूचा तुकडा होय. व्यवहारात संपूर्ण काडतुसालाच ‘गोळी’ म्हटले जाते. परंतु काडतुसाचे पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी असे चार भाग असून गोळी हा त्यांपैकी केवळ पुढचा भाग असतो. गोळी उघड्या शिशाची आहे, तिच्यावर तांब्याचा मुलामा आहे, की ती जाड धातूच्या कवचात बसवलेली आहे, यावर काडतुसातील दारूचे प्रमाण, नळीतील दाब आणि शस्त्राची सुरक्षितता अवलंबून असते.

शिशाचे गुणधर्म

शिसे हा जड, मऊ आणि सहज वितळणारा धातू आहे. त्याची घनता पाण्याच्या सुमारे ११.३ पट असून तो सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो. त्यामुळे साध्या भट्टीवर आणि साच्यात त्याच्या गोळ्या ओतता येतात. मऊपणामुळे नळीतील पेचदार खाचांत गोळी चटकन बसते, तिला फिरकी मिळते आणि नळीची झीज कमी होते. मात्र याच मऊपणामुळे वेग वाढला की शिशाचा थर नळीला आतून चिकटतो. तो टाळण्यासाठी शिशात कथील व अँटिमनी मिसळून त्याला कठीणपणा आणतात आणि गोळीवरील खाचांत वंगण भरतात.

इतिहास

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरावी लागे. गोळी सहज आत जावी म्हणून ती नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान ठेवत. परिणामी बराचसा वायू फटीतून निसटून जाई आणि नेम चुके. तोफांनाही हीच मर्यादा होती. धाराशिव जिल्ह्यातील परांडा किल्ल्यात जुन्या तोफा व तोफगोळे आजही पाहावयास मिळतात. विजापूरची प्रसिद्ध ‘मुलूख मैदान’ ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली आणि विजापूरला नेण्यापूर्वी काही काळ परांडा येथे होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये मिनिए पद्धतीची गोळी प्रचारात आली. ही गोळी आत सहज सरके आणि बार उडताच तिचा पोकळ तळ पसरून खाचांत घट्ट बसे. याच तत्त्वावरील एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांना लावलेल्या वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याची समजूत पसरली आणि ती १८५७ च्या उठावाच्या तात्कालिक कारणांपैकी एक ठरली. शिशाच्या गोळीला वंगण लागते, ही तांत्रिक गरज अशा रीतीने भारताच्या इतिहासाशी जोडली गेली.

पुढे धूररहित दारूमुळे वेग वाढला आणि उघडे शिसे अपुरे पडू लागले. १८८० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी तांब्याच्या कवचाची गोळी विकसित केली. टोकाशी कवच उघडे ठेवलेली, शरीरात पसरणारी गोळी कलकत्त्याजवळील दमदम येथील कारखान्यावरून ‘दमदम गोळी’ म्हणून ओळखली गेली. १८९९ च्या हेग घोषणापत्राने युद्धात अशा गोळ्यांचा वापर निषिद्ध ठरवला.

प्रकार

ओतीव गोळी : वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतून तयार होते. ती नळीच्या खाचांतील व्यासापेक्षा किंचित मोठी ठेवतात. ती लहान राहिल्यास तप्त वायू बाजूने निसटून शिसे वितळवतो व ते नळीत साचते.

मुलाम्याची गोळी : मऊ शिशाच्या गाभ्यावर विद्युत विलेपनाने तांब्याचा पातळ थर चढवलेला असतो. तिला वंगण लागत नाही आणि हात व नळी स्वच्छ राहतात. परंतु पुंगळीचे तोंड अधिक आवळल्यास हा थर कापला जातो, तसेच वेग मर्यादेबाहेर गेल्यास तो फाटू शकतो.

कवचाची गोळी : शिशाच्या गाभ्याभोवती तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचे जाड आवरण असते. ती जास्त वेग व दाब सहन करते.

प्रकार बदलताना होणारे परिणाम

ज्या देशांत नेमबाज रिकाम्या पुंगळ्या स्वतः पुन्हा भरतात, तेथे ओतीव गोळीऐवजी मुलाम्याची किंवा उलट असा बदल वारंवार केला जातो. वजन सारखे असले तरी या गोळ्या परस्परांच्या जागी जशाच्या तशा चालत नाहीत. वंगण लावलेले शिसे नळीतून कमी विरोधाने सरकते. म्हणून तेवढ्याच दारूत ओतीव गोळीला सामान्यतः अधिक वेग मिळतो. शिशासाठी ठरवलेल्या अल्प दारूवर कवचाची गोळी बसवल्यास ती नळीतच अडकण्याचा धोका असतो. अशा वेळी आवाज नेहमीपेक्षा क्षीण येतो. ते लक्षात न घेता दुसरा बार काढल्यास नळी फुगते किंवा फुटते आणि नेमबाज जखमी होतो.

दुसरा परिणाम खोलीचा आहे. गोळीचा आकार व लांबी बदलली की ती पुंगळीत कमी-अधिक खोल बसते. खोल बसल्यास दारूसाठीची जागा घटते आणि दाब झपाट्याने वाढतो. यामुळे गोळीचा प्रकार बदलताना दारूचे प्रमाण, व्यास, एकूण लांबी आणि तोंडाची आवळण या चारही बाबी उत्पादकाच्या प्रमाणित माहितीवरून नव्याने ठरवाव्या लागतात. अनुमानाला येथे स्थान नाही.

क्रीडा नेमबाजी

आंतरराष्ट्रीय पिस्तूल स्पर्धांच्या नियमांनुसार गोळी शिशाची किंवा तत्सम मऊ पदार्थाची असावी लागते. कवचाच्या गोळीला परवानगी नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या प्रकारातील ५.६ मिलिमीटर व्यासाच्या काडतुसात टोपीचा रासायनिक लेप पुंगळीच्या कडेतच असल्याने ते पुन्हा भरले जात नाही.

भारतातील निर्मिती व कायदा

पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. २०२१ पासून तो व जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना हे म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचे घटक आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार शस्त्र व दारूगोळा बाळगण्यास, तर कलम ५ नुसार त्यांची निर्मिती करण्यास परवाना आवश्यक असतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना हा काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. विनापरवाना निर्मिती हा कारावासास पात्र गुन्हा आहे.

आरोग्यावरील परिणाम

शिसे विषारी असून त्याची धूळ श्वासावाटे व हातांवाटे शरीरात जाते. बंदिस्त नेमबाजी केंद्रांत टोपीतील शिसेयुक्त रसायनांचा धूर त्यात भर घालतो. त्यामुळे गोळीवर तांब्याचा मुलामा असला तरी धोका पूर्णपणे टळत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा विशेष दुष्परिणाम होतो. पुरेशी हवा खेळती ठेवणे, सरावानंतर साबणाने हात धुणे आणि सरावाचे कपडे वेगळे धुणे हे त्यावरील प्राथमिक उपाय आहेत.