सभासद-वही ते संकेतस्थळ : उपनगरांतील ज्ञातिसंपर्काचा इतिहास

ज्ञातिसंस्थेचे खरे धन कोणते, असा प्रश्न केला असता पुष्कळांच्या मुखी वास्तू, शिष्यवृत्ति-निधी अगर सभागृह यांचे नाव येते. आमच्या मते ते धन म्हणजे सभासदांची नोंदवही होय. वास्तू पडली तर पुन्हा बांधता येते. परंतु कोणते कुटुंब कोठे राहते, कोणाचे कोणाशी नाते आहे, संकटसमयी कोणाला हाक घालावी, ही माहिती एकदा विस्कटली की ती पुन्हा जुळविण्यास एक पिढी खर्ची पडते. सांप्रत ठिकठिकाणच्या ज्ञातिसंस्था आपापल्या संकेतस्थळांवर सभासदांच्या परस्पर ओळखीची, संदेशांची व छायाचित्रांची सोय करू लागल्या आहेत. ही सोय उभी करावयाची कशी आणि ती बिघडली तर दोष शोधावयाचा कोठे, हे प्रश्न केवळ यंत्रज्ञांचे आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहिला असता हा समज टिकत नाही, हे दाखविण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

गिरगाव, ठाकूरद्वार, गामदेवी या भागांत ज्ञातींची वस्ती दाट होती तोपर्यंत वहीची निकड फारशी भासत नसे. चाळीच्या एका जिन्यावर दिलेला निरोप संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत पोहोचे. गामदेवीस १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली, तीत ज्ञातिबंधूंनी एकत्र राहावे हा हेतू उघड होता. पुढे जागा अपुऱ्या पडू लागल्या आणि कुटुंबे उपनगरांकडे वळली. १९५० साली बृहन्मुंबईची हद्द वाढली तेव्हा अंधेरी व घाटकोपर तीत आले. १९५७ साली ती दहिसर व मुलुंडपर्यंत सरकली आणि बोरिवलीही मुंबईत दाखल झाली. परंतु हद्द एक झाली तरी माणसे दोन रेल्वेमार्गांवर विभागली गेली. अंधेरी-बोरिवलीचे बिऱ्हाड पश्चिम रेल्वेवर, तर घाटकोपर-मुलुंडचे मध्य रेल्वेवर. अंधेरीच्या भावाला घाटकोपरच्या बहिणीकडे आगगाडीने जावयाचे तर बहुधा दादर गाठून उलट फिरावे लागे. जिन्यावरचा निरोप येथे चालेना, आणि पोस्टकार्ड, वार्षिक अंक व छापील परिचयपुस्तिका यांचे दिवस आले.

या कामात काही संस्थांनी मोठी चिकाटी दाखविली. १९११ साली मुंबईत स्थापन झालेल्या कानडा सारस्वत असोसिएशनने १९५६ साली चित्रापूर सारस्वतांची खानेसुमारी व परिचयपुस्तिका प्रसिद्ध केली. भारत सरकारच्या जनगणनेत सर्व जातींची सविस्तर आकडेवारी १९३१ नंतर प्रसिद्ध होईनाशी झाली होती, हे ध्यानी घेता अशा खासगी प्रयत्नांचे मोल अधिकच वाटते. घरोघर हिंडून नावे, शिक्षण, व्यवसाय व पत्ते लिहून घेणारे कार्यकर्ते हेच त्या काळचे 'नेटवर्क' होते, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या वहीत चूक झाली तर ती कोणाची, हे ठाऊक असे; आणि वही कोणाच्या कपाटात आहे, हेही सर्वांस ठाऊक असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांस खुली केली, आणि मुंबई हे त्या सेवेच्या आरंभीच्या शहरांपैकी एक होते. लौकरच ज्ञातिसंस्थांची पहिली संकेतस्थळे दिसू लागली. त्यांच्यापुढील पहिली अडचण लिपीची होती. त्या काळचे बहुतेक मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसवून केलेले असत. वाचणाऱ्याच्या संगणकावर तोच फाँट नसेल तर अध्यक्षांचे निवेदन निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन बसे. युनिकोड या संकेतपद्धतीत देवनागरीला १९९१ पासूनच स्थान होते. परंतु विंडोज २००० व तत्पश्चातच्या प्रणाली घरोघर येईपर्यंत त्याचा लाभ सामान्य वाचकास मिळाला नाही.

युनिकोड आल्यावरही मराठीच्या खास खोडी उरल्याच. 'आचार्यांना' निमंत्रण द्यावयाचे की 'आचाऱ्यांना', हा भेद आपल्या भाषेत एका अर्ध्या र-वर अवलंबून आहे. हा अर्धा र संगणकात दोन भिन्न रीतींनी नोंदविता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. परिणामी 'गोऱ्हे' किंवा 'कऱ्हाडे' हे आडनाव एका रीतीने नोंदविले आणि दुसऱ्या रीतीने शोधले, तर सभासद यादीत असूनही सापडत नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वीची 'अ'वर चंद्र देऊन केलेली नोंद व नंतरची नोंद यांतही असाच दुरावा राहतो. यावर उपाय साधा आहे : नोंद स्वीकारताना सर्व नावे एकाच रीतीत बदलून साठवावी, आणि शोधणाऱ्याने टंकलेला शब्दही त्याच रीतीत बदलून मग जुळवावा. हे न केल्यास एकाच गृहस्थाची दोन खाती होतात, आणि मग संस्थेची सभासदसंख्या फुगल्याचा खोटा आनंद होतो.

यानंतरचा कालखंड ऑर्कुटचा. गूगलमधील ऑर्कुट ब्युक्कोक्तेन या अभियंत्याच्या नावाने २४ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेल्या या स्थळाने भारतीय तरुणांना वेड लावले. मित्रांची यादी, समूह, एकमेकांच्या पानावर लिहिण्याची मुभा, ही सारी सामग्री फुकट मिळाल्यावर ज्ञातीच्या तरुणांनी स्वतःचे स्थळ उभारण्याचा खटाटोप करावा कशाला? आडनावांचे, कुलदैवतांचे, गावांचे समूह तेथे आपोआप उभे राहिले. परंतु ओळख सोपी झाली की ओळखीची पारख अवघड होते. ऑगस्ट २००७ मध्ये अंधेरीतील एका सोळा वर्षांच्या मुलाचे अपहरण होऊन त्याचा खून झाला, तेव्हा ऑर्कुटवरील ओळखींचा विषय घराघरांत निघाला. पुढे २०१२ साली न्यायालयाने त्या खटल्यातील आरोपींना निर्दोष सोडले. तथापि उपनगरांतील पालकांच्या मनांत जी धास्ती बसली ती बसलीच.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली. रूळांनी दुरावलेली दोन उपनगरे अखेर रूळांनीच जोडली. त्याच वर्षी ३० सप्टेंबर रोजी ऑर्कुट बंद झाले. छायाचित्रे उतरवून घेण्यास मुदत मिळाली. पण कोण कोणाच्या समूहात होते, कोणी कोणाला काय लिहिले, ही जोडणी विरून गेली. याहू ग्रूप्समधील जुना मजकूर डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकण्यात आला व वर्षभराने ती सेवाही संपली. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी मिटले. एकीकडे लोहमार्ग लोकांच्या मालकीच्या जमिनीवर टिकून राहतो, आणि दुसरीकडे परक्याच्या ओसरीवर मांडलेली वही ओसरीचा धनी म्हणेल तेव्हा उचलावी लागते. हा फरक आमच्या कार्यकारी मंडळांनी नीट ओळखावा.

ज्यांनी स्वतःचे स्थळ राखले, पण त्याचे दार फेसबुकच्या किल्लीने उघडण्याची सोय केली, त्यांनाही हाच अनुभव आला. आरंभी अशा स्थळास येणाऱ्या सभासदाबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती मिळू शके. ३० एप्रिल २०१५ रोजी फेसबुकने ती जुनी पद्धत बंद केली, आणि त्यावर विसंबलेल्या कित्येक स्थळांवरील मित्रयाद्या एका दिवसात रित्या झाल्या. सभासदांच्या मित्रांची माहिती त्यांच्या संमतीवाचून मिळू नये, हे तत्त्व योग्यच होते. परंतु आपल्या घराचे कुलूप दुसऱ्याच्या किल्लीवर अवलंबून ठेवण्याचा धोका त्या दिवशी स्पष्ट झाला.

आजच्या संकेतस्थळावर ज्या तक्रारी येतात त्यांत काही खरोखरच यंत्राच्या असतात. ८ मार्च २०२१ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नवे नियम अमलात येताच देशभर ओटीपीचे संदेश अडकले, व नियम काही दिवस स्थगित ठेवावे लागले. त्या व्यवस्थेत संदेश पाठविणाऱ्याचे नाव व संदेशाचा नमुना आधी नोंदवावा लागतो. चिटणिसांनी उत्साहाने संदेशात 'सप्रेम नमस्कार' वाढविला की तो नोंदलेल्या नमुन्याशी जुळत नाही आणि सभासदापर्यंत पोहोचत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू यांनी ई-पत्रांसाठीही प्रेषकाच्या सत्यतेची खूण आवश्यक केली. ती नसेल तर वार्षिक सभेचे निमंत्रण नको असलेल्या पत्रांच्या ढिगात जाते. या दोषांना उपाय आहेत, आणि ते एखाद्या जाणत्या तरुणाने अर्ध्या दिवसात करावयाचे आहेत.

परंतु तक्रारींचा दुसरा वर्ग असा नाही. 'माझ्या मुलीचे छायाचित्र तिसऱ्याच्या हाती कसे गेले?' ही तक्रार वरकरणी यंत्राची दिसते. वस्तुतः ते छायाचित्र कोणी पाहावे, हे ठरविण्याचे काम कार्यकारी मंडळाने कधी केलेच नव्हते. आणि जे ठरविले नाही ते यंत्र 'सर्वांसाठी खुले' असे समजते. 'माझी नातेवाईक यादीत का दिसत नाही?' ही तशीच दुसरी तक्रार. वंशवृक्षाची सोय करताना नोंदपत्रात केवळ वडिलांच्या नावाचा रकाना ठेवला, तर लग्न होऊन गेलेली कन्या माहेरच्या वृक्षावरून गळते. तिने अन्य ज्ञातीत विवाह केला असेल तर तिला सासरच्या बाजूसही फांदी मिळत नाही. छापील वहीत तिच्या नावावर एक रेघ ओढली जाई, आणि ती रेघ कोणी ओढली हे कोणी विचारीत नसे. संगणक मात्र विचारतो : हिला सभासद मानावयाचे की नाही? हिच्या मुलांना मानावयाचे की नाही?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीच्या चौकटीचे मूळ ज्ञातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात दाखविले होते. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हा दाखला काहींना अप्रस्तुत वाटेल. आम्हांस तो अत्यंत प्रस्तुत वाटतो. कारण संकेतस्थळाच्या नोंदपत्रातील एक रकाना हे बंधन पुढील पिढीवर लादू शकतो किंवा सैल करू शकतो. ज्ञातीच्या जिव्हाळ्याचे जतन करावयाचे असेल तर तो जिव्हाळा मुलीच्या विवाहाने संपतो असे यंत्राला शिकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्यानेही या प्रश्नांत आता हात घातला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरावरून अटक झाली. ज्या कलम ६६-अचा त्या प्रकरणात आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. म्हणजे अप्रिय मत आणि अपराध यांत भेद आहे, हे समूहाच्या व्यवस्थापकानेही विसरू नये. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम जुलै २०१७ मध्ये अमलात आला. एखाद्या कुटुंबास विवाहाच्या कारणावरून वाळीत टाकण्याच्या हेतूने समूहातून काढण्याआधी कार्यकारी मंडळाने तो अवश्य वाचावा. बोटाच्या एका स्पर्शाने होणारी कृती ही पंचांच्या जुन्या ठरावाहून निराळी नव्हे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा केंद्रीय कायदाही टप्प्याटप्प्याने लागू होत असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संमती घेणे, ती मागे घेऊ देणे आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची अनुमती मिळविणे, ही त्याची सूत्रे सभासद-वही चालविणाऱ्यांनी आतापासूनच अंगवळणी पाडावी.

या साऱ्याचा निष्कर्ष आम्ही तीन गोष्टींत मांडतो. पहिली गोष्ट, वही आपल्या घरी असावी : ओळखीसाठी व्हॉट्सॲप-फेसबुकचा उपयोग खुशाल करावा, परंतु मूळ यादी संस्थेच्या ताब्यात, दर तिमाहीस उतरवून दोन निराळ्या ठिकाणी ठेवावी, आणि तिच्या किल्ल्या किमान दोन पदाधिकाऱ्यांपाशी असाव्या. दुसरी गोष्ट, कोणी काय पाहावे हे संकेतस्थळ सुरू होण्यापूर्वी सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. विशेषतः वधूवरांची माहिती ज्याची त्याने स्वतः उघड केल्याशिवाय उघडू नये. तिसरी गोष्ट, नोंदपत्रात आईच्या नावाचा रकाना वडिलांच्या रकान्याबरोबरीने असावा, आणि कन्येचे नाव तिच्या इच्छेवाचून कोणीही खोडू नये.

१९५६ च्या सुमारास घरोघर हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला दार उघडणाऱ्याची ओळख विचारावी लागे, आणि घरातील कोणाकोणाची नावे लिहावयाची हे विवेकाने ठरवावे लागे. आज ते दार अंधेरीत उघडते की मुलुंडला, की समुद्रापार, याने फारसा फरक पडत नाही. विवेकाचे काम मात्र अजून माणसाकडेच आहे, आणि ते येत्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावे, एवढीच आमची ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे.