पट्टीवर न लिहिलेला खर्च

जळगावच्या बाजार समितीत शेतकऱ्याचा माल विकला गेला म्हणजे त्याच्या हाती हिशेबाची पट्टी पडते. तीत हमाली, तोलाई स्वच्छ लिहिलेली असते. तोच शेतकरी, किंवा आमचा चटई कारखान्यातला कामगार, औषधाच्या दुकानात पैसे मोजतो. परंतु औषध लिहून देणाऱ्यावर कंपनीने काय खर्च केला, हे त्या पावतीवर छापलेले नसते. त्या रकमेचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत.

औषधाचा व्यापार इतर व्यापारांहून निराळा. येथे घेणारा निवडीत नाही आणि निवडणारा पैसे देत नाही. म्हणून कंपन्यांची वर्दळ डॉक्टरांच्या दारी. ही वर्दळ करणारा वैद्यकीय प्रतिनिधी हाही पगारी नोकरच. विक्रीचा आकडा गाठला नाही तर त्याची भाकरी डळमळते. या नोकरांनी १९६३ साली आपला अखिल भारतीय महासंघ उभारला आणि १९७६ साली त्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला.

मध्यंतरी, १९७५ साली, हाथी समितीने औषधांची व्यापारी नावे क्रमाक्रमाने काढून मूळ नावे आणण्याची शिफारस केली. व्यापारी नावच उरले नसते, तर त्या नावासाठी ओवाळणीही उरली नसती. शिफारस बहुतांशी कागदावर राहिली.

भेटवस्तू लोकांच्या डोळ्यांत भरते; परिषदेचे प्रवासभाडे आणि सल्ल्याचे मानधन भरत नाही. २००९ च्या डिसेंबरात भारतीय वैद्यकीय परिषदेने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी, रोकड व परिषदांचा प्रवासखर्च घेण्यास मनाई केली. सल्लागार होण्यास मात्र मुभा ठेवली. त्याच्या अटींपैकी एक अशी की, संबंध उघड असावा.

तरी एपेक्स लॅबोरेटरीज ही कंपनी अशा खर्चावर प्राप्तिकराची सवलत मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्या खर्चात सोन्याची नाणी, फ्रीज, लॅपटॉप होते, तशी परिषदांची शुल्केही होती. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने सवलत नाकारली आणि या भेटींचा भार अखेर औषधाच्या किमतीतून रोग्यावर पडतो, हे नमूद केले. त्याच वर्षी न्यायालयाने आणखी एका याचिकेवर केंद्र सरकारला नोटीस काढली. ती याचिका प्रतिनिधींच्या महासंघाची होती! बॅग वाहणाऱ्यांनीच आपल्या मालकांना कायद्याने बांधा अशी मागणी केली. चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस याचा अभिमान वाटतो.

मार्च २०२४ मध्ये सरकारने नवी संहिता काढली. तीत श्रोत्या डॉक्टरच्या प्रवासखर्चास बंदी आहे, वक्त्याच्या खर्चास मुभा आहे. तक्रार प्रथम ऐकायची ती औषध उत्पादकांच्याच संघाच्या समितीने. कामगाराचे गाऱ्हाणे मालकसंघाने ऐकावे, तसा हा न्याय!

डॉक्टरांनी शिकत राहिलेच पाहिजे. महाराष्ट्रात तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. प्रश्न इतकाच, की शिकविणाऱ्याला पैसे कोण देतो. अमेरिकेत २०१० चा कायदा झाला आणि २०१४ पासून कोणत्या डॉक्टरला कोणत्या कंपनीने किती दिले, हे तेथील नागरिकाला नावानिशी पाहता येते. आमचीही मागणी तेवढीच आहे. मानधन योग्य असेल तर ते नावासह व आकड्यासह जाहीर करण्यात संकोच कसला? आणि जे जाहीर करण्याची लाज वाटते, ते रोग्याच्या खिशातून का घ्यावे?