यवतमाळात बर्फ पडत नाही, मग थंडीत शेगडीची भीती कशाला?

डिसेंबर-जानेवारी आला की मोबाइलवर बर्फाचे व्हिडिओ सुरू होतात. काश्मीर, शिमला, अमेरिकेतली हिमवादळं, दारापर्यंत साचलेला बर्फ आणि आत हाफ टीशर्टमध्ये कॉफी पीत बसलेली माणसं. ते बघणारा यवतमाळचा माणूस मात्र घरातच स्वेटर, कानटोपी आणि वरून शाल घेऊनही कुडकुडत असतो. बाहेर पारा असतो १० अंशांवर, म्हणजे पाणी गोठायला अजून १० अंश बाकी. तरी ही थंडी एवढी का बोचते?

याचं उत्तर हवेपेक्षा घरात जास्त आहे.

आधी हवेचं बघू. हवामान विभाग सपाट प्रदेशात थंडीची लाट कधी म्हणतो? किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असलं तर. हिमालयात बर्फ पडून गेला की उत्तरेकडचे कोरडे, गार वारे मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात उतरतात. इथे समुद्र जवळ नाही, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता सोडून देते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे, त्यामुळे रात्री आणखी गारठतात. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत घसरला होता. (आणि ‘विदर्भात बर्फ पडला’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात, ती गारपीट असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तसाच पांढरा थर साचला होता. गारपिटीचा आणि थंडीच्या लाटेचा थेट संबंध नाही.)

आता घर. बर्फाच्या प्रदेशातलं घर उष्णता धरून ठेवायला बांधलेलं असतं, तर आपल्याकडचं ती बाहेर घालवायला. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तिथे ते बरोबरच आहे. पण जाळीच्या खिडक्या, दाराखाली बोटभर फट, खाली फरशी आणि वर टिनं, हे सगळं जानेवारीत उलटं पडतं. रात्री टिन आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. पहाटे आतून थेंब टपकतात ते छप्पर गळतं म्हणून नाही. घरातल्याच हवेतली वाफ गार टिनावर जमून खाली पडते.

तरी एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे ऊन. डिसेंबरच्या शेवटी यवतमाळला भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे सुमारे ४६ अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतपर्यंत येतं. दहा ते चार त्या खिडक्या-दारं उघडी ठेवायची आणि ऊन कलायच्या आधी बंद करायची. बरेच लोक उलटं करतात. दिवसभर थंडी म्हणून बंद आणि संध्याकाळी हवा यावी म्हणून उघडं.

गादी-रजईचंही तसंच. कापसाच्या जिल्ह्यात हे सांगायची गरज नसावी, पण ऊब कापसाची नसते, त्यात अडकलेल्या हवेची असते. जुनी रजई दबून चपटी झाली, ओल धरली की ती जड होते पण गरम करत नाही. दुपारभर उन्हात टाकून झटकली तर फुगते. फारच गोळे झाले असतील तर कापूस पिंजून घ्यावा. आणि फरशीवर झोपत असाल तर अंगावर तिसरं पांघरूण घेण्याआधी एक सतरंजी खाली वाढवा, कारण उष्णता फरशीतूनही जाते.

आता शेगडी. पऱ्हाटी असो, तुराट्या असोत, लाकडी कोळसा असो की वणीकडचा दगडी कोळसा, पुरेशी हवा न मिळता जळलं की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. सगळ्यात मोठा गैरसमज असा की धूर गेला, निखारे लाल झाले, आता शेगडी आत नेली तर चालेल. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस सावध तरी होतो. लाल निखाऱ्यातून हा वायू गुपचूप येत राहतो. पाण्याचं भांडं जवळ ठेवलं तरी तो त्यात विरघळून जात नाही.

फटीतून वारा येतो म्हणून ती पोत्यानं बुजवणं चांगलं. अंगणात शेकणंही चांगलं. पण या दोन गोष्टी एका खोलीत एकत्र आल्या की जीव जातो. घरात एकट्याला डोकेदुखी, मळमळ, गुंगी आली तर ती पित्ताचीही असेल. सगळ्यांना एकदमच आली आणि शेगडी पेटलेली असेल, तर दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, १०८ ला फोन करा. झोपलेल्याला मात्र ही लक्षणं कळतच नाहीत.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हिमवादळानं वीज गेली. तिथली घरंही उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. लोकांनी कोळशाच्या शेगड्या आत आणल्या, बंद गॅरेजमध्ये गाड्या सुरू ठेवल्या. शेकडो लोकांना याच वायूची बाधा झाली, काही दगावले. बाथरूममधला गॅस गीझरही हाच वायू सोडू शकतो, तिथली झरोक्याची खिडकी थंडीतही बंद नको. पाणी तापवायला विजेची रॉड असेल तर बटण बंद करून, पिन काढूनच पाण्यात हात घालावा.

खाण्याचं फार सांगायला नको. ज्वारीची भाकर, भरीत, तुरीच्या सोल्यांची आमटी, तिळाचा लाडू, या दिवसांत घरोघरी तेच असतं. दारूनं मात्र ऊब येत नाही. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि आतली उष्णता उलट लवकर निघून जाते. म्हाताऱ्या माणसांना थंडी कमी जाणवते, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ यावर विसंबू नये. थंडीत रक्तदाब वाढतो. आजोबांचं पहाटेचं फिरणं ऊन पडेपर्यंत थांबलेलं बरं.

आणि ज्यांना घरात बसताच येत नाही त्यांचं? हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं आणि थ्री-फेज वीज रात्रीची असेल, तर ओलित रात्रीच. असा माणूस पहाटे भिजलेल्या पायांनी घरी येतो आणि सरळ विस्तवावर पाय धरतो. बधिर पायांना चटका कळत नाही. आधी ओले कपडे बदलावेत, पाय कोरडे करून गुंडाळावेत, गरम चहा घ्यावा. शेकायचं ते नंतर, आणि अंगणात.