बनारसचा राजा आणि कंपनीची जकात

अठराव्या शतकात बंगालचे रेशीम दक्षिणेकडे येई आणि नागपूरकडचा कापूस गंगेच्या खोऱ्यात जाई, तो मिर्झापूरच्या पेठेतून. ही पेठ बनारसचा राजा चेतसिंग याच्या अमलाखाली होती. 'राजा' हा शब्द येथे जपूनच वापरावयास हवा. कागदोपत्री चेतसिंग म्हणजे अयोध्येच्या नवाबाचा जमीनदार. पण नाकी त्याची, शिपाई त्याचे आणि जकातही तोच घेई.

१७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधील दस्तकाची पद्धत मोडून बहुतेक मालावर शेकडा अडीच रुपये अशी सरसकट जकात बसविली. त्याच साली नवाब शुजाउद्दौल्याच्या भेटीसाठी तो बनारसला आला, तेव्हा चेतसिंगाशीही त्याने ठरवून घेतले: कंपनीची बनात, तांबे आणि शिसे मिर्झापूरपर्यंत बिनजकात जावे; इतर मालावर इंग्रज व देशी व्यापाऱ्यांना एकच दर असावा. निव्वळ जमीनदाराशी असा करार कोण करतो? नाक्यावर हुकूम कोणाचा चालतो, हे कंपनी पुरते ओळखून होती.

१७७५ मध्ये बनारस प्रांत नवाबाकडून कंपनीकडे आला. पुढल्याच वर्षीच्या सनदेने टांकसाळ आणि कोतवाली चेतसिंगाकडे राहिली. खंडणी सालिना सुमारे साडेबावीस लाख ठरली. परंतु १७७८ मध्ये फ्रेंचांशी युद्ध जुंपताच जादा पाच लाखांची मागणी आली, ती दरसाल येत राहिली. मग घोडेस्वारही मागितले गेले. राजाने चालढकल केली, तेव्हा हेस्टिंग्जने पन्नास लाख दंड वसूल करण्याचे मनात धरले. १६ ऑगस्ट १७८१ रोजी शिवाला घाटावरच्या वाड्यात राजाला अटक झाली. पहाऱ्यावरच्या शिपायांजवळ दारूगोळाच नव्हता! जमाव उसळला, शिपाई मारले गेले, राजा नदीपार निसटला आणि खुद्द हेस्टिंग्जला चुनारचा किल्ला गाठावा लागला.

नव्या राजावर, महीपनारायणावर, चाळीस लाखांची खंडणी बसली. टांकसाळ आणि शहराची कोतवाली गेली. चेतसिंगाला आसरा मिळाला तो महादजी शिंद्यांकडे. १८१० मध्ये ग्वाल्हेरीस तो वारला.

विलायतेच्या पार्लमेंटात हे प्रकरण गाजले. १३ जून १७८६ रोजी ११९ विरुद्ध ७९ मतांनी हेस्टिंग्जवरील हा आरोप सभागृहाने ग्राह्य धरला. पुढे १७९५ मध्ये तो सर्वच आरोपांतून सुटला. चेतसिंग केवळ जमीनदार होता, हा त्याचा बचाव. मग १७७३ चा जकातीचा ठराव कोणाशी झाला होता, याचे उत्तर त्या बचावात सापडत नाही.

बनारसच्या राजघराण्याला संस्थानिकाचा दर्जा मिळाला तो १९११ साली. त्या संस्थानात रामनगर होते, भदोही होते. बनारस शहर मात्र इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवले.