आजचं स्तोत्र कोण ठरवतं?

अँग्लिकन चर्चची संध्याकाळची गायनोपासना म्हणजे इव्हनसाँग. तिथे आज कोणतं स्तोत्र गायचं, हे कोण ठरवतं? १५४९ मध्ये आर्चबिशप क्रॅनमर यांच्या प्रार्थनापुस्तकाने उत्तर दिलं: तारीख! बायबलमधली १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटून दिली. १५ तारखेच्या संध्याकाळी ७८वं, सत्तरहून अधिक वचनांचं स्तोत्र. गायकवृंद दमला तरी गायचं. २८ तारखेच्या संध्याकाळी १३७वं. त्यात बाबेलच्या नदीकाठचा विलाप आहे, आणि शेवटी शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटण्याची इच्छा. हेही चार आवाजांत, त्याच संथ चालीवर.

१९२८ च्या सुधारित पुस्तकाने ही शेवटची वचनं कंसात घातली, म्हणजे वगळायची मुभा दिली. संसदेने ते पुस्तक वेगळ्याच वादापायी फेटाळलं. पण वगळण्याची रीत पुढे रुळली.

आम्हाला जुनी शिस्त अधिक प्रामाणिक वाटते. निवड हाती आली, की आपण स्वतःला शोभतील तेवढेच शब्द उचलतो. तारखेला आवडनिवड नसते. सूडाची वचनं गाताना गायकवृंद सूडाला आशीर्वाद देतो, असं आम्ही मानत नाही. माणसाच्या मनात तोही आहे, एवढं तो सर्वांसमक्ष कबूल करतो.